निळा दोरा

बारा टुटू, बॅलेतल्या पोरींचे ते पसरट घागरे, तारेवर उलटे टांगलेले होते आणि त्यांतला एक मेला होता. पावाच्या रांगेतून परत आलेल्या कापितोलिना येगोरोव्नाला तो दारातूनच दिसला. बाकीचे अकरा ताटासारखे सपाट पसरलेले, आणि हा मिटल्या छत्रीसारखा लोंबत होता. बुटांवरचा बर्फसुद्धा न झटकता ती आत गेली आणि तिनं त्याच्या घेराला हात लावला. गॉजचे थर ओलसर होते, मऊ होते, आणि त्यांत खळीचा मागमूस नव्हता.

दमट हवेनं टुटू पडतो, पण मग बाराही पडतात. हा एकटाच पडला होता. कुणीतरी तो खाली काढून गरम पाण्यात बुडवला होता, एकेक थर पिळला होता आणि पुन्हा जागेवर टांगला होता. का, ते कळायला पंचांग उघडायची गरज नव्हती. खळ बटाट्याच्या पिठाची होती. बटाट्याचं पीठ पाण्यात शिजवलं की किसेल होतं, गुळगुळीत, दाट, पोटाला धरून राहणारं. युद्धाचा दुसरा हिवाळा होता. कामा नदी तळापर्यंत गोठली असावी असं वाटत होतं, आणि वेढ्यातल्या लेनिनग्राडमधून इथे आणून सोडलेली ही सगळी नाटकमंडळी पावाच्या तुकड्यावर जगत होती. भुकेला कोंडा म्हणतात. इथे भुकेला घागरा झाला होता.

"कोण ती मेली," कापितोलिना स्वतःशी म्हणाली.

तिचा राग समजून घ्यायचा तर हे घागरे समजून घ्यावे लागतील. कापितोलिना, म्हणजे सगळ्यांची कापा, पंधरा वर्षांची असताना पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहातल्या माव्रा नावाच्या म्हातारीनं तिच्या हातात सुई दिली होती. ती म्हातारी काम करता करता टुटूची कुळकथा सांगायची. पॅरिसमध्ये आधी तो पोटरीपर्यंत यायचा, नुसता ढग. तेव्हा रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती असत, आणि पोरी गिरक्या घेता घेता पेट घेत. कापड एका औषधात बुडवलं की जळत नसे, पण त्यानं ते पिवळट आणि ताठर व्हायचं, म्हणून पोरी ते नको म्हणायच्या. जळेन पण पिवळी दिसणार नाही, असा एकेकीचा हट्ट. मग इटलीच्या नाचणाऱ्या आल्या, त्यांना पायाची करामत दाखवायची होती, म्हणून घेर गुडघ्यावर चढला. पुढे तो आणखी चढला, आडवा झाला, पसरला. राजे गेले, गॅस गेला, म्हातारीही गेली. टुटू राहिला. माव्रा म्हणायची, माणसाला जमिनीवरून उचलायचं सोंग करणारं असं दुसरं कापड कुणी शिवलेलं नाही, आणि ते सोंग लोकांना पाहिजे असतं, पोट भरलेलं असो नाहीतर रिकामं.

या बारा टुटूंना तलम जाळी मिळालेली नव्हती. दवाखान्यातलं धुतलेलं गॉज जोडून जोडून कापानं ते उभे केले होते. आज हॉलमध्ये उद्या पहाटे आघाडीवर जाणारी पलटण बसणार होती. सकाळपासून दोन सैनिक दार वाजवून विचारून गेले होते की पांढऱ्यावाल्या आहेत ना आज. आहेत, असं तिनं सांगितलं होतं.

तिच्या मागे कुणीतरी खोकललं. रोदिओन साविच, थिएटरचा व्यवस्थापक, दारात उभा होता. बुटका, डोळ्यांखाली काळं, ओव्हरकोटाचं वरचं बटण एका धाग्यावर लोंबत असलेलं. त्याची नजर तारेवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे काय?"

"ओला झालाय."

"एकटाच?"

रोदिओन साविच पुढे आला, त्यानं घेर चिमटीत धरला आणि सोडून दिला. ही खळ मिळवायला त्यानं गावातल्या किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते ते कापानं पाहिलेलं होतं. लोक उपाशी आणि तुम्हाला घागऱ्यांना पीठ पाहिजे, असं त्याला तोंडावर ऐकवण्यात आलं होतं. पोतं मिळालं तेव्हा त्यानं याच खोलीत दार लावून स्वतःच्या हातानं त्यात नीळ कालवली होती, चांगली मूठ मूठ. पोरींना त्यानं सांगितलं, दिवे पिवळे आहेत, नीळ घातली की कापड पांढरं दिसतं. खरं कारण मंडळींत फक्त कापाला माहीत होतं. कुणी पीठ खाल्लं तर जीभ बोलेल.

तो हळू आवाजात म्हणाला, "कापितोलिना येगोरोव्ना, मी काही लांडगा नाही. पण पोत्यावर सही माझी आहे. पहिल्या रांगेत बुर्माकिन बसणार आहे. निळीची युक्ती त्याला ठाऊक आहे, आणि आजच कुणीतरी त्याला कळवलंय की आमच्याकडे पीठ गळतंय. प्रयोग संपेपर्यंत मी नाव दिलं नाही, तर तो माझंच लिहून घेईल."

बुर्माकिन गुप्त पोलिसांतला, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यानं खानावळीतल्या एका बाईला खिशातल्या कण्यांसाठी नेलं होतं. ती दहा वर्षांनी परतणार होती, परतलीच तर.

"पहिल्या अंकात पोरी गावरान घागऱ्यात आहेत. मध्यंतरात इथे कपडे बदलायला येतील. तेव्हा मी बाराही जणींच्या जिभा बघणार," रोदिओन साविच म्हणाला.

"बघा. आणि सापडली की आधी माझ्या हाती द्या. कात्रीनं जीभ छाटते तिची."

तो मान हलवून गेला. कापानं दाराला कडी घातली आणि बाकावर बसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, हे तिला स्वतःला ठाऊक होतं. इस्त्रीच्या कोळशांच्या पेटीमागे एक चहाचा डबा होता. त्यात पांढरंशुभ्र पीठ होतं, नीळ न लागलेलं. प्रत्येक पोतं आलं की रोदिओन साविच पोहोचायच्या आत ती त्यातलं मूठभर काढून ठेवायची. शनिवारी चमचाभर पीठ शिजवायचं आणि भिंतीकडे तोंड करून प्यायचं. कुणासाठी नाही, स्वतःसाठीच. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. आजारी पोराचं निमित्तसुद्धा तिच्याजवळ नव्हतं. तिला भूक लागायची, एवढंच.

पोतं रिकामं होतं, पुढचं महिनाभर येणार नव्हतं. अकरा टुटू ताठ आणि एक पडलेला, म्हणजे हसऱ्या तोंडातला पडका दात. पलटणीतला शेवटचा माणूससुद्धा तोच बघत बसेल. कापा उठली, शिव्या घालत डबा काढला आणि थोडं तळाशी ठेवून बाकीचं पीठ पाण्यात कालवलं. रंगाचा फरक दिसू नये म्हणून निळीची वडी त्यात फिरवली. शिजत आलेल्या खळीचा वास नाकात गेला तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि सवयीनं तिनं पळी चाटली. मग थर बुडवले, पिळले, आणि कोळशाची इस्त्री एकेका थरावर दाबत राहिली. वाफ छताला जाऊन गोठत होती. वर रंगमंचावर पहिला अंक धडधडत होता. शेवटचा थर कडक झाला तेव्हा तिनं टुटू हातावर तोलून बघितला. तो ताटासारखा उभा राहिला. कुणी चोरलं हे या गडबडीत ती विसरूनच गेली होती.

मध्यंतराची घंटा झाली आणि पोरी धडाधड जिना उतरून आल्या. उघड्या खांद्यांतून वाफा निघत होत्या. कपडे बदलायला हॉलइतकीच गार असलेली ही एकच खोली. चोळ्या आता कुणालाच अंगासरशी बसत नव्हत्या. हूक आवळून आवळून संपले होते, पोरी मात्र बारीक व्हायच्या थांबल्या नव्हत्या. म्हणून प्रत्येक प्रयोगाला कापा चोळीची पाठ पोरीच्या अंगावरच शिवायची आणि नंतर उसवायची. अंगावर शिवून घेताना दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा, नाहीतर माणसाची अक्कल आणि आठवण शिवली जाते. हे लेनिनग्राडमध्येही पाळलं जायचं, इथे खेड्यातही. कम्युनिस्ट पोरीसुद्धा गुमान दोरा धरायच्या.

"रिम्मा, तू आधी. तुझा आत्ताच इस्त्रीवरून उतरलाय," कापा म्हणाली.

आणि म्हणताना तिला जाणवलं की पडलेला टुटू रिम्माचा होता. कुणी दुसरीचा घागरा का उकळेल? प्रत्येकजण आपापल्या ताटातलंच खातो. रिम्मा पुढे आली, सतरा वर्षांची, ओठांवर गडद लाल रंग, जरा जास्तच गडद. आई वेढ्यात राहिलेली, चार महिन्यांत पत्र नाही. कापानं दोऱ्याचा तुकडा पुढे केला. रिम्मानं क्षणभर तो बघितला. मग तोंड उघडलं.

जीभ निळी होती. शाईत बुडवल्यासारखी, मुळापर्यंत.

खोलीत गलका चालू होता. फाइना नावाची लांबट पोरगी कुणाच्या तरी बुटांवरून खिदळत होती, कुणाचं इकडे लक्ष नव्हतं. कापानं रिम्माला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं.

"तोंड मिट."

रिम्मानं दोरा तोंडातून काढला. "मावशी, मी..."

"दोरा काढायचा नाही. अक्कल शिवली जाईल. आधीच कितीशी आहे."

"तुम्ही पळी चाटता," रिम्मा कुजबुजली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. "रोज चाटता. मी पाहिलंय. म्हणून मला वाटलं, चालत असेल."

कापाच्या सुईचा हात थांबला. शरमेनं माणसाला घाम फुटतो हे तिनं ऐकलं होतं. त्या गोठत्या खोलीत तिला तो फुटला. पोरीनं चोरी तिच्याकडूनच उचलली होती, टाके उचलावेत तशी, बघून बघून. आणि घटकाभरापूर्वी तीच कात्रीच्या गोष्टी करत होती.

वेळ नव्हता. जिन्यावर रोदिओन साविचचे बूट वाजायला फार तर पाच मिनिटं होती. टेबलावर निळीची वडी अजून ओली पडलेली होती. कापानं दोऱ्याचं रीळ उचललं, दोरा वडीवर दाबून धरला आणि वावभर ओढून काढला. तो गडद निळा झाला.

"चला, एकीमागून एक. दोरा नीट चावून धरा, आज थंडी आहे, बोटं चालत नाहीत माझी, वेळ लागेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

फाइनानं तोंडात दोरा घेतला आणि चेहरा वाकडा केला. "मावशी, कडू आहे हो."

"साखर संपलीय. चाव."

ती एकेकीच्या पाठीवर टाके घालत गेली. नंतर पोरींपैकी कुणीतरी आरशात जीभ बघितली आणि किंचाळायची तेवढी राहिली. त्या एकमेकींना जिभा दाखवू लागल्या. कुणीतरी विचारलं, हे काय मावशी, आणि कापानं पुढचा टाका घातला. मग फाइनानं रिम्माकडे बघितलं. भिंतीला लागून उभी असलेली, हात पोटाशी घट्ट. फाइनाचं हसू ओसरलं. तिनं दोरा पुन्हा तोंडात घातला आणि शांतपणे चघळत राहिली. बाकीच्यांनीही घातला.

रोदिओन साविच हातात बॅटरी घेऊन आला. पोरी ओळीत उभ्या होत्या, टुटू एकमेकांना टेकलेले. त्यानं पहिलीला जीभ काढायला सांगितलं. निळी. दुसरी निळी. तिसरी, चौथी. त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"रोदिओन साविच, घसापण बघता का? दोन दिवस दुखतोय," फाइना म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. तो कापाकडे वळला, आणि तिनं सुई पुढे केली. दोरा जुना झालाय, पिवळा पडलाय, पांढऱ्या चोळीवर दिसतो, म्हणून निळीतून ओढून घेते, ती म्हणाली. आणि दोरा तोंडात धरायची रीत त्यालाही माहीत होतीच. त्यानं दोरा बोटांत धरला. बोटं निळी झाली. तो बराच वेळ ती बोटं बघत राहिला. नंतर त्यानं मान वर केली आणि ओळीवरून बॅटरी फिरवली, या वेळी जिभांवर नाही, कमरांवर.

"बारा," तो म्हणाला. "बाराही उभे आहेत."

कापानं सुई खाली घेतली.

"पोतं रिकामं होतं. मी स्वतः झटकलेलं. मग तो उभा कसा राहिला?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिनं पोरीला झाकलं होतं आणि स्वतःला दिव्याखाली आणून उभं केलं होतं, तेही आपल्याच इस्त्रीनं. ओळीत रिम्मानं श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं. पोरगी बोलणार होती.

"माझ्या पिठानं. नीळ घालायच्या आधीच काढून ठेवायची मी, दर पोत्यातून मूठभर. डबा तिथे पेटीमागे आहे. गळती म्हणतात ना, ती मी," कापा म्हणाली.

"मावशी, तो घागरा..." रिम्मा म्हणाली.

"तू गप. बोललीस तर टाके उसवतील."

दुसरी घंटा झाली. वर पलटण पाय आपटत होती, थंडीनं की अधीरतेनं कुणास ठाऊक. रोदिओन साविचनं बॅटरी विझवली. पडदा पडला की बोलू, एवढंच तो म्हणाला. पोरी जिना चढून गेल्या, आणि कापाही सुई आपल्या झग्याला टोचून मागोमाग गेली. उसवलं तर शिवायला कुणीतरी पाहिजे. आजपर्यंतचा प्रत्येक प्रयोग तिनं विंगेतूनच पाहिला होता. हा बहुतेक शेवटचा होता.

पडदा उघडला आणि हॉलमधून एक आवाज आला, शेकडो माणसांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. मग कुणी खोकललंसुद्धा नाही. मिणमिणत्या दिव्यांत बारा पांढरी वर्तुळं तरंगत होती. पाय दिसत होते, पण जमीन लागत नव्हती. कापाला म्हातारी माव्रा आठवली. दवाखान्याचं गॉज होतं ते. त्यातलं काही याच पलटणीतल्या लोकांच्या जखमांवरून उतरलेलं असेल. आणि पहिल्या रांगांतले ते मुंडण केलेले पोरगे तोंडं उघडी टाकून बघत होते.

रोदिओन साविच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"यातला तो कुठला?" त्यानं विचारलं.

कापानं ओळ बघितली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. "मला नाही ओळखू येत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्याला अंक संपल्यावर पडद्यापुढे जाऊन पलटणीच्या प्रमुखाचे आभार मानायचे होते. कोटाचं बटण अजून लोंबत होतं.

"या अवतारात जाऊ नका. थांबा, दोन टाके घालते," ती म्हणाली.

सुईत निळा दोराच होता. तिनं त्याचा तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो बघितला.

"दुसरा दोरा नाही?"

"आहे. खाली पेटीत, पांढरा. आणते."

ती वळली. त्यानं तिची बाही धरली. समोर बारा जणी एका पायावर थबकल्या होत्या, आणि हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला, मोठ्या पुरुषाचा हुंदका. रोदिओन साविचनं तिच्या बोटांतला निळा दोरा घेतला, तोंडात घातला आणि दातांनी चावून धरला.

तिनं पहिला टाका घातला तेव्हाच मागच्या दारानं बुर्माकिन आला. फरची टोपी, हात पाठीशी. पडदा पडायची वाट बघायचा त्याला कंटाळा आला असावा.

"काय, रोदिओन साविच? नाव मिळालं?"

रोदिओन साविच हलला नाही.

"अंगावर शिवतेय, कॉम्रेड," कापा बटणावरून नजर न काढता म्हणाली. "बोलता येत नाही त्यांना. आठवण शिवली जाईल."

बुर्माकिनची आजीही कुठल्यातरी खेड्यातलीच असणार. त्यानं दोरा बघितला आणि तो थांबला. कापानं त्या बटणाला दोनाच्या जागी कितीतरी टाके घातले. कोट फाटला असता, बटण निघालं नसतं. मग दोरा दातानं तोडून ती बाजूला झाली.

रोदिओन साविचनं तुकडा तोंडातून काढला आणि खिशात टाकला. "नाव नाही," तो म्हणाला. "नीळ दोऱ्याची आहे, कॉम्रेड बुर्माकिन. सगळ्यांच्याच जिभांना लागलीय."

"सगळ्यांच्या?"

रोदिओन साविचनं तोंड उघडलं आणि आपली जीभ बाहेर काढून दाखवली.

बुर्माकिन त्या जिभेकडे बघत राहिला. मग कापाकडे. मग पडद्याच्या फटीतून रंगमंचाकडे, आणि तिथे तो जरा जास्तच वेळ रेंगाळला. पुढच्या पोत्यात दुसरं काहीतरी मिसळा, असं म्हणून तो आपल्या खुर्चीकडे परत गेला.

टाळ्या हातमोज्यांतल्या होत्या, म्हणून त्या ढोलावर पडल्यासारख्या बद्द वाजत होत्या आणि थांबत नव्हत्या. पोरी धापा टाकत विंगेत आल्या. रिम्मा सगळ्यांत शेवटी. कापानं तिला पाठमोरी केली आणि कात्रीनं टाके उसवायला सुरुवात केली. पोरीच्या पाठीची हाडं मोजता आली असती. कापाला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"मावशी, माझा घेर नीट दिसला ना?"

"दिसला."

"मला नेणार आहेत?"

"कुणाला नेत नाहीत. हल नको." कापानं शेवटचा टाका तोडला आणि टुटू अलगद तिच्या कमरेवरून उतरवून उलटा धरला. "डब्यात तळाशी थोडं आहे, ते आज शिजवू. आणि पुढचं पोतं आलं की पळी तू चाटायची."